खटक्याचा आवाज

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही खरं तर पोलादाच्या नोंदींसाठी आहे. कुठली पट्टी किती लाल केली, कशात विझवली, पातं किती कडक आलं, एवढंच तीत लिहायचं. आजपासून मागच्या पानांवर दुसरंही लिहिणार आहे, कारण घरात बोलायची सोय राहिलेली नाही. ही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते. दोनदा "काय म्हणालीस?" विचारलं की "काही नाही" म्हणून आत जाते. संसार जुना झाला की बायका भांडतात हे ऐकलं होतं, पुटपुटतात हे माहीत नव्हतं.

आज दुकानात, म्हणजे घराच्याच पुढच्या खोलीत, रोपवाटिकेच्या मालकीणबाई आल्या होत्या. कधी आल्या कळलंच नाही, मान वर केली तर समोर उभ्या. लोकांनी दार वाजवायची पद्धतच सोडून दिली आहे. बाईंकडे चाळीस माणसं झाडांची कलमं करतात, आणि चाळिसांच्याही खिशात वीस वर्षं माझाच घडीचा चाकू आहे. आता ते झिजले, सगळे एकदम बदलायचे आहेत.

"तुमचे दहा द्या, कारखान्याचे दहा घेते," बाई म्हणाल्या. "माणसांना दोन आठवडे वापरू देते. जे बरे ठरतील ते चाळीस घेईन."

"वीस वर्षांनी माझी परीक्षा?"

"कारखान्याचा मोडला तर दुसऱ्या दिवशी तसाच दुसरा मिळतो. तुमचा मोडला तर तीन महिने वाट बघते मी. तुम्हीच सांगा, काय करू?"

मी काय सांगणार? सुतार कारखान्याकडे गेला, शिडं शिवणारा गेला, चामड्याचं काम करणारे दोघे भाऊ गेले. राहिल्या होत्या त्या बाई. त्या गेल्या तर भट्टी विझवून दाराला कुलूप घालायचं, दुसरं काही नाही. तीन आठवड्यांत दहा चाकू हवेत. मी महिन्याला चार करतो. हो म्हणून टाकलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मेहुणा येऊन गेला. हिचा धाकटा भाऊ. नेमका त्याच कारखान्यात तपासनीस आहे, म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ. येताना कारखान्याचा एक चाकू घेऊन आला होता. मी उघडला, मिटला, उजेडात धरला. वाईट नाही, हे फक्त या वहीत कबूल करतो. पातं सरळ, मूठ हलकी, खटका घट्ट. त्याच्या शंभरातला कुठलाही पुर्जा शंभरातल्या कुठल्याही चाकूत बसतो. माझ्या एका चाकूचा खिळासुद्धा माझ्याच दुसऱ्या चाकूत बसत नाही. याला मी आजवर अभिमान समजत आलो.

मेहुणा खटका तपासतो तो मापाने. त्याच्याजवळ कागदासारख्या पातळ पत्र्यांचा एक जुडगा असतो. खटक्याच्या फटीत पहिला पत्रा गेला की चाकू बाद.

"दाजी, एकदा तुमच्या खटक्याला लावून बघा ना हे."

"ज्याला ऐकू येत नाही त्याने माप लावावं," मी म्हणालो.

मेहुण्याने हिच्याकडे बघितलं, हिने जमिनीकडे. भावंडांचं हे लहानपणापासूनचं आहे, माझा विनोद त्यांना कधी कळलाच नाही. जाताना पत्र्यांचा जुडगा तो माझ्या टेबलावर विसरून गेला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पोलादवाल्याने फसवलं.

घडीच्या चाकूचा जीव खटक्यात असतो. पातं पूर्ण उघडलं की पाठीतल्या स्प्रिंगचा दात पात्याच्या खाचेत पडतो आणि पातं अडकून राहतं. दात नीट बसला नाही तर दाब आल्यावर पातं मिटतं, आणि त्याच्या वाटेत धरणाऱ्याची बोटं असतात. म्हणून वडिलांनी शिकवलं ते असं : खाच आधी अरुंद ठेवायची, मग कानसेचा एकेक हात मारायचा, आणि प्रत्येक हातानंतर चाकू कानाशी धरून उघडायचा. आधी काहीच आवाज येत नाही. मग बोथट येतो. मग कानसेच्या एका हाताने स्वच्छ 'टक' होतं. तिथे थांबायचं. वडील म्हणायचे, डोळा फसतो, बोट फसतं, कान फसत नाही.

पूर्वी मला पाच-सहा हातांत टक मिळायचं. काल पहिल्या चाकूला बारा लागले, आज दुसऱ्याला चौदा. पोलादच मेलेलं आहे, आवाज उठतच नाही त्यातून. पोलादवाला शपथ घेऊन सांगतो की भट्टी तीच आणि माल तोच. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण माझ्या बाबतीत अंगण खरंच वाकडं आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चहाची किटली जळाली. शिट्टी वाजेल तेव्हा उठू म्हणून मी कानस करत बसलो आणि पाणी आटून बूड काळं झालं. नवी किटली, चार महिन्यांत शिट्टी गेली. हल्ली एक वस्तू धड मिळत नाही. आणि अशा जगात मी हाताने खटके बसवतो आहे. मूर्ख कोण, ते सांगायला नको.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सहा झाले. आवाज मिळतो, पण खाच रुंद करावी लागते. पातं उघडल्यावर किंचित हलतं. नवं पोलाद आहे, वापरून बसेल. पहिले दोन परत कानाशी धरले तर तेही मला बोथट वाटले, म्हणून त्यांनाही तीन-तीन हात दिले. आता सहाही खणखणीत बोलतात.

एक चांगली गोष्ट लिहायची राहिली. ही अलीकडे काही बोलायच्या आधी माझ्या खांद्यावर हात ठेवते. लग्न झालं तेव्हासुद्धा अशी नव्हती. उतारवयात माणसाला माया फुटते म्हणतात ते खरं असावं. आज जेवताना तसाच हात ठेवला आणि माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाली, "तुमच्याशी एक बोलायचं आहे."

"दहा चाकू होईपर्यंत काही बोलू नकोस."

"नंतर उशीर होईल."

"झाला तर झाला," मी म्हणालो. तिने ताट उचललं. मला वाईट वाटलं, पण पाठीवर चार चाकू बाकी असताना संसाराच्या गोष्टी ऐकायला माझ्यात जीव नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दहा चाकू दिले.

रोपवाटिकेच्या लांब छपराखाली दहा माणसं रांगेने उभी होती. मी एकेक चाकू त्यांच्यासमोर कानाशी धरून उघडला, मान हलवली, आणि हातात दिला. हे मी वीस वर्षं असंच करतो. त्यांनाही ते आवडतं, एखाद्या वैद्याने नाडी बघून द्यावं तसं. शेवटचा बुवाला दिला. बुवा म्हणजे तिथला सर्वांत जुना कलमवाला, माझ्याच वयाचा. कलम बांधताना तोंडातून शब्द काढत नाही म्हणून सगळे त्याला बुवा म्हणतात. सालीला चीर देऊन तीत दुसऱ्या झाडाचा डोळा बसवावा तर त्यानेच. शंभरातले पंच्याण्णव जगतात.

बुवाने चाकू उघडला, पातं अंगठ्याने जरा दाबलं, पुन्हा उघडला. माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा मान हलवली. मग त्याने तो खिशात टाकला.

मी दमलो आहे. पण हरलेलो नाही, असं वाटतं.

२ मार्च, रविवार

बाईंकडून काही निरोप नाही. शुक्रवारपासून ही रोज दुपारी डबा घेऊन कुठेतरी जाते. विचारलं तर म्हणाली, ओळखीतलं कुणी दवाखान्यात आहे. कोण ते विचारलं, तर तिने जे सांगितलं ते मला नीट कळलं नाही, आणि तिसऱ्यांदा विचारायचा मला कंटाळा आला.

दुकानात बसून राहतो. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत नाही, पण काटे चालतात. भट्टी पेटवायला कारण नाही. खरं सांगायचं तर भीती वाटते. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला दुसरं काहीही करता येत नाही, आणि जे येतं ते आता कुणाला नको असेल तर मी नेमका कोण, हे मला सांगता येणार नाही.

५ मार्च, बुधवार

बाई आल्या. टेबलावर नऊ चाकू ठेवले, दोन आठवडे पुरे व्हायच्या आतच.

"कारखान्याचे हलके आहेत," म्हणाल्या. "माणसांना तेच बरे वाटले."

"हलके? मूठ मी मोजून तेवढीच केली होती. बुवा काय म्हणाला?"

बाईंनी हिच्याकडे बघितलं. "बुवा रजेवर आहे."

"दहावा चाकू?"

"राहू दे माझ्याकडे. आठवण म्हणून."

म्हणे आठवण. वीस वर्षं मी त्यांच्या माणसांच्या हाताचं माप घेऊन मुठी घासल्या, आणि निरोप दिला तो असा, नऊ वस्तू परत आणि एक आठवण. कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही कारखान्याची पाती. मी जे बोलायला नको होतं ते बोललो. म्हणालो, तुम्हाला चाकू कळत नाही, तुम्हाला ढीग कळतो. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, लाज वाटली असेल.

त्या गेल्यावर ही म्हणाली, "त्यांना असं बोलायला नको होतं हो."

"मग कसं बोलू? आरती ओवाळू?"

ही रडायला लागली. या घरात आज मी सोडून सगळे रडले.

७ मार्च, शुक्रवार

दोन दिवस दुकान उघडलं नाही. मेहुणा नोकरी घेऊन आला होता. कारखान्यात खटके तपासायला माणूस हवा आहे. पत्रा फटीत घालायचा, गेला तर बाद, नाही गेला तर पुढे. दिवसभर तेच.

"दाजी, तिथे आवाजाचं काही नाही. नुसतं मापाचं काम आहे. तुम्हाला जमेल."

'तुम्हाला जमेल' हे शब्द मला रात्रभर टोचले. मरून जावं असं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो आणि या ओळीवर ही वही मिटतो.

९ मार्च, रविवार

काय लिहू आणि कुठून लिहू. क्रमाने लिहितो.

ही डबा घेऊन गेली होती. घरात एकटाच होतो. एखादी तरी धड वस्तू मी केली होती का, ते बघावं वाटलं, म्हणून तिच्या शिवणाच्या पेटीतून तिचा चाकू काढला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी तो तिला करून दिला होता. त्या वेळी वडील जिवंत होते. त्यांनी तो कानाशी धरून उघडला आणि म्हणाले होते, याला आता हात लावू नकोस. मी कधी लावला नाही. त्याचा टक मला झोपेतसुद्धा ओळखता येईल.

कानाशी धरून उघडला. आवाज आला नाही.

दुसऱ्या कानाशी धरला. नाही. खिडकी लावली, पुन्हा उघडला. बोटाला दात पडलेला कळला, घट्ट, गच्च, पातं जागचं हलेना. आवाज मात्र नाही. मग टेबलावरच्या नवांतला एक उचलला. तो खणकन बोलला.

हिचा चाकू बिघडलेला असूच शकत नव्हता. मग मेहुण्याचा जुडगा घेतला. हिच्या चाकूच्या फटीत सर्वांत पातळ पत्रासुद्धा गेला नाही. नवांपैकी पहिल्यात एक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. नऊच्या नऊ तसेच. कुठलाही अंगठ्याने दाबला की दात खाचेतून सुटत होता. खणखणीत वाजणारा माझा खटका म्हणजे सैल खटका होता. पाचव्या-सहाव्या हाताला जो टक होऊन गेला होता तो मला ऐकूच आला नाही, आणि मी तो मिळेपर्यंत कानस चालवत राहिलो. पोलाद जिवंत होतं. मी दहा चांगले चाकू केले आणि दहाही मारले.

ही आली तेव्हा मी जमिनीवर बसलो होतो. तिने नेहमीप्रमाणे खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचा अर्थ मला आज कळला.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दीड वर्ष असेल. आधी जुनी किटली नि घड्याळ. मग मी."

"का बोलली नाहीस?"

"बोलले हो," ती म्हणाली. "किती वेळा बोलले."

मग तिने डबा कुणाला जातो ते सांगितलं. बुवाचं उजव्या हाताचं पहिलं बोट. चौथ्याच दिवशी फांदीची गाठ कापताना पातं मिटलं. आतली शीर तुटली, शिवली, पण बोट आता वाकणार नाही. माझ्यापासून हे लपवायचं त्यानेच सांगितलं होतं, आणि बाईंनी आणि हिने या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. हलके चाकू म्हणे. त्या बाईला मी ढीग कळतो म्हणालो.

१० मार्च, सोमवार

आधी बाईंकडे गेलो. चाळीस कारखान्याचेच घ्या म्हणालो, आणि परवाचे शब्द परत घेतले. त्यांनी टेबलाच्या खणातून दहावा चाकू काढून दिला. पुसलेला होता, पण मुठीच्या खिळ्यापाशी रक्त राहिलं होतं.

मग बुवाच्या खोलीवर. एक खाट, एक खुर्ची, खिडकीत डब्यांमधून लावलेली रोपं. मी खुर्ची त्याच्या अगदी समोर ओढली, त्याच्या ओठांकडे बघत बसलो. माफी मागायची म्हणून चार वाक्यं जुळवून नेली होती, पण निघालं वेगळंच.

"तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं," मी म्हणालो.

"पातं हलत होतं. हाताला कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू कानाशी धरलास आणि मान हलवलीस. म्हटलं, माझाच हात म्हातारा झाला असेल."

मी रडलो. त्याने रडू दिलं. बुवा पहिल्यापासून कमीच बोलतो.

१४ मार्च, शुक्रवार

कानाचे डॉक्टर. चाळीस वर्षं ऐरणीजवळ राहिल्याने बारीक, टोकदार आवाज गेले. यंत्राने माणसांचं बोलणं बरं ऐकू येईल. ते बारीक आवाज पूर्वीसारखे येतील का, तर नाही. कुठले आवाज म्हणता, असं त्यांनी विचारलं. मी खिशातून चाकू काढून दाखवला, तर ते जरा मागे सरकले. ही हसली, किती दिवसांनी.

दुकान महिनाअखेर सोडायचं ठरवलं. मेहुण्याला हो कळवलं.

२१ मार्च, शुक्रवार

ऐरण विकायला काढली होती. बुवा दारात येऊन उभा राहिला, हात बांधलेला. मी म्हणालो, बस. तो बसला नाही.

"डाव्या हाताने डोळे भरायला शिकतोय," तो म्हणाला. "दहातले दोन जगतात. चाकू उलटा पडतो."

खरंच आहे ते. कलमाच्या चाकूला उतार एकाच बाजूने असतो. उजव्या हाताच्या चाकूने डाव्या हाताने कापलं तर पातं लाकडात घुसतं, साल फाटते.

"कारखान्याकडे डाव्या हाताचा असेल," मी म्हणालो.

"नाही करत ते. विचारलं मी. तू दे करून."

"मी? हे बोट बघून मला सांगतोस?"

"तुलाच सांगतोय. पण खटका माझ्या कानाशी धर."

२९ मार्च, शनिवार

शेवटचा चाकू. भट्टी सकाळीच विझवली. पात्याला उलट बाजूने उतार दिला, मूठ बुवाच्या डाव्या तळव्यावर बेतली. आज खटका.

बुवा स्टुलावर बसला होता, माझ्या खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. मी खाचेत कानसेचा एक हात मारला, चाकू त्याच्या कानाशी नेऊन उघडला. त्याने नाही म्हणून मान हलवली. दुसरा हात. नाही. तिसरा. त्याने भुवया वर केल्या, पण नाही. चौथा हात मी इतका हलका मारला की भुकटी फक्त फुंकर मारण्यापुरती निघाली. नाही. पाचवा मारला, उघडला.

"पुरे," बुवा म्हणाला.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. हात पुन्हा कानसेवर गेला. चाळीस वर्षांची सवय, आणि मनात एकच होतं, आणखी एक हात, म्हणजे मला कळेल. बुवाने आपला बांधलेला हात माझ्या मनगटावर ठेवला.

मी कानस खाली ठेवली. मग पत्रा लावून बघितला. गेला नाही.